माळकऱ्याची मोटार

कार्तिकी वारी करून आम्ही कोल्हापुरास परतलो, त्याच आठवड्यात एका सायंकाळी आमच्या परिचयाचे एक माळकरी गृहस्थ घरी आले. करवीर तालुक्यातले राहणारे. घरची उसाची शेती, स्वतःचे गुऱ्हाळ, मार्केट यार्डात गुळाची अडत. पंचवीस वर्षे आषाढीची पायी वारी चुकलेली नाही, एकादशी मोडलेली नाही, घरात सायंकाळी हरिपाठ होतो. थोडा वेळ पिकापाण्याचे बोलणे झाले. मग ते खाली मान घालून म्हणाले, "बुवा, एक विचारायचं आहे, पण हसायचं नाही. माळकऱ्यानं भारीतली मोटार घ्यावी का घेऊ नये?"

हकीकत अशी होती. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने पाच वर्षे वापरलेली जर्मन बनावटीची मोटार विकावयास काढली होती. नवी असताना तिची किंमत ६० लाखांच्या वर होती, आता २५ लाखांत मिळत होती. मुलाने ती पाहिली आणि घरात दुसरा विषय उरला नाही. धंद्यातले भागीदार म्हणत, "अण्णा, घेऊन टाका. पत वाढेल." दिंडीतले सोबती म्हणत, "आधी माळ काढून खुंटीला अडकवा, मग खुशाल घ्या." अण्णांचे स्वतःचे म्हणणे एवढेच, की "नवी घेत नाही मी. जुनीच तर आहे. निम्म्याहून कमी पैशांत मिळते. ही उधळपट्टी कशी?"

आम्ही विचार न करताच म्हणालो, "घेऊ नका." अण्णा गप्प बसले, चहा घेतला आणि गेले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र आमचे आम्हांलाच ते उत्तर बोचू लागले. ते इतक्या झटकन कोठून आले? शास्त्रातून आले, संतवचनातून आले, की आणखी कोठून? सज्जनहो, खरे सांगावयाचे तर आम्ही कीर्तनाला गावोगाव एस. टी. ने जातो. ज्या गावचे लोक न्यावयास चांगली मोटार पाठवितात, त्या गावची सेवा आम्हांला जरा अधिक गोड वाटते. एकदा एका गावाने खिळखिळी जीप पाठविली, तेव्हा आम्ही वाटभर मनात कुरकुरत गेलो आणि व्यासपीठावर चढून वैराग्यावर दीड तास बोललो! दुसऱ्याच्या मोटारीत बसावयास आवडते, आणि शेजारच्या माळकऱ्याने मोटार घेतो म्हटले की वैराग्य आठवते. याला विवेक म्हणत नाहीत. म्हणून ठरविले, की या प्रश्नाचा नीट विचार करावयाचा, आणि तो वाचकांपुढेही ठेवावयाचा. कारण हा प्रश्न एकट्या अण्णांचा राहिलेला नाही. वारकऱ्यांच्या घरांत आता चार पैसे आले आहेत, आणि ते यावेत याचा आनंदच आहे.

पहिली गोष्ट ही, की आपला संप्रदाय गृहस्थाश्रम सोडावयास सांगणारा नाही. सावतोबा मळा पिकवीत होते, गोरोबा मडकी घडवीत होते, नरहरी महाराज सोनारकाम करीत होते. सोन्याचांदीला दिवसभर हात लावणारा मनुष्यही संतमालिकेत बसतो, मग मोटारीच्या चाकाला हात लावल्याने कोणी बाटेल असे कसे म्हणावे? तुकोबारायांचे घराणे तर वाण्याचे आणि सावकारीचे. कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो, पण तिच्यातली एक बारीक गोष्ट पुष्कळदा निसटते. परंपरा अशी सांगते, की भावाच्या वाट्याची खते त्यांनी भावाला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढीच बुडविली. दुसऱ्याच्या हक्काचे सोडून देण्यात वैराग्य नसते. आणि त्या खतांबरोबर काय बुडाले? आपली मिळकत बुडाली हे तर खरेच, पण दुष्काळाने पिचलेल्या ऋणकोच्या मानेवरचे ओझेही बुडाले. म्हणजे तुकोबांच्या त्यागाने कोणाचे तरी ओझे हलके झाले. त्याग आणि भोग दोन्ही मोजण्याचे हे एक चांगले माप आहे: माझ्या घेण्याने किंवा सोडण्याने कोणाचे ओझे वाढते आणि कोणाचे उतरते?

दुसरी गोष्ट वाहनाची. शिवछत्रपतींनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केला, असे परंपरा सांगते. पण आज त्याच तुकोबांच्या पादुका चांदीच्या रथातून पंढरीस जातात आणि त्या रथापुढे आपण नाचतो. मग वाहनाची शोभा संप्रदायाला वर्ज्य आहे असे म्हणता येत नाही. प्रश्न शोभा कोणाची, हा आहे. माउलींच्या सोहळ्यातले अश्व आठवा. आपल्या शेजारच्याच बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व आळंदीस येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी असते. तो माउलींचा अश्व. आळंदीपासून पंढरीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, त्यात लाखो माणसांचे पाय सुजतात, पण त्या मोकळ्या पाठीवर बसावे असे कोणाच्या मनातही येत नाही. रिंगणात तो धावला की त्याच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो. सोहळ्यातले सर्वांत मानाचे वाहन रिकामे ठेवण्याची चाल ज्यांनी घातली, त्यांनी आपल्याला न बोलता पुष्कळ शिकविले आहे.

चांगदेवांची कथा तर वाहनाचीच कथा आहे. ते वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन, शिष्यांच्या मेळाव्यासह ज्ञानोबांना भेटावयास निघाले. भावंडे बसली होती भिंतीवर. ती भिंतच सामोरी चालत गेली. आपण या कथेत चमत्कार पाहतो आणि तेथेच थांबतो. पण वाघ का आणला, याचा विचार करावा. एकट्या माणसाला भेटावयास वाघाची गरज नव्हती. वाटेत लोकांनी पाहावे यासाठी वाघ होता. भिंतीवर बसलेल्या पोरांना कोणी पाहावे असे वाटत नव्हते. ज्या जागी ती बसली होती तीच जागा त्यांना भेटीसाठी पुरली. म्हणून मोटारीत बसू पाहणाऱ्या माळकऱ्याने स्वतःला विचारावे, की बाबा, तुला भेटावयास जायचे आहे, की जाताना दिसायचे आहे?

आमच्या कोल्हापुरात मोटारींचा आणि रथांचा इतिहास मोठा आहे. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा ती पाहण्यासाठी गर्दी लोटते. तीही आता जुनीच मोटार, पण तिची आजची किंमत कोणी विचारीत नाही. सीमोल्लंघनाच्या सोहळ्याशी तिचे नाते जुळले, म्हणून तिला मान. आणि त्याहून थोर आठवण राजर्षी शाहू महाराजांच्या खडखड्याची. गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, आणि अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून तेथे कोणी फिरकेना. तेव्हा महाराजांचा खडखडा त्या दुकानापुढे येऊन थांबू लागला. महाराज स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत, ही गोष्ट करवीरात सर्वांच्या तोंडी आहे. राजाचे वाहन होते, मानाचे होते, त्यात शंका नाही. पण तो मान कोणाच्या दारात नेऊन उभा केला हे पाहा. वाहन किती मोलाचे हे बाजार सांगतो. ते कोठे थांबते यावरून बसणारा कळतो. अण्णांची मोटार कोणाच्या दारात थांबणार होती?

आता 'जुनीच तर आहे' या बोलण्याकडे वळू, कारण सगळी गोम तेथेच आहे. प्रपंचाचा हिशेब प्रपंचाच्याच रीतीने करावा, त्यात परमार्थाची भेसळ करू नये. मोटारीची किंमत पहिल्या वर्षांत फार झपाट्याने उतरते. विम्याच्या रूढ कोष्टकातसुद्धा पाच वर्षांच्या मोटारीची किंमत निम्मी धरतात. पण किंमत निम्मी झाली म्हणून खर्च निम्मा होत नाही. सुटे भाग ६० लाखांच्या गाडीचे ते ६० लाखांच्याच गाडीच्या भावाने येतात, आणि जसजशी गाडी जुनी होते तसतसे ते अधिक वेळा लागतात. तिला गावच्या मिस्त्रीचा हात चालत नाही, त्या कंपनीच्या कारखान्यात न्यावी लागते. टायर, ब्रेक, गिअरपेटी, हवेच्या दाबावर चालणारे धक्केरोधक, सर्वांचे तेच. बँका जुन्या गाडीच्या कर्जाला बहुधा नव्या गाडीहून अधिक व्याज लावतात. म्हणजे पहिल्या मालकाने किमतीतली घट सोसली आणि दुसऱ्याच्या पदरी दुरुस्ती आली. २५ लाखांची मोटार घेणाऱ्याने ६० लाखांची मोटार पोसण्याची ताकद आहे का, हे पाहावे. ती नसेल तर 'स्वस्तात मिळाली' हे म्हणणे म्हणजे स्वतःलाच दिलेला चकवा आहे. नव्या मोटारीची हौस निदान उघड असते. जुनी भारी मोटार घेताना तीच हौस काटकसरीचा अंगरखा घालून येते, आणि माळकऱ्याला काटकसरीचे कौतुक असल्यामुळे तो तिला दारातच ओळखत नाही.

आणखी एक व्यवहार आमच्या भागातल्या लोकांनी विसरू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या पेठांत शिरले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. तेव्हा भारी आणि हलकी सगळी वाहने एकाच रांगेत उभी होती, आणि गावकरी सर्वांना सारखीच भाकरी वाटीत होते. पाण्यात बुडालेली मोटार धुऊनपुसून, आतले गालिचे बदलून विकावयास येऊ शकते. वरून चकाकते, पण आत तारांच्या जोडांना गंज धरलेला असतो, आणि तो वर्षा-दोन वर्षांनी डोके काढतो. म्हणून घेणाऱ्याने आसनांखालचा गाळ, पट्ट्यांच्या मुळाशी राहिलेला ओलाव्याचा डाग, विमा कंपनीकडचा जुना दावा, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला, सारे पाहावे आणि नोंदणी आपल्या नावावर करून मगच पैसे पुरे करावेत. हे सावधपण म्हणजे अविश्वास नव्हे. आणि हीच गोष्ट उलटून विकणाऱ्या माळकऱ्यालाही लागू आहे. आपली गाडी पुरात बुडाली होती हे न सांगता जो विकतो, त्याने त्या दिवशी एकादशी केली काय आणि न केली काय! माळ घालून मोटार घेण्यात पाप आहे की नाही याची चर्चा आपण तावातावाने करतो. माळ घालून खोटे बोलून मोटार विकण्यात पाप आहे, यात तर चर्चेला जागाच नाही.

असो. चार दिवसांनी आम्ही आपण होऊन अण्णांच्या गावी गेलो. गुऱ्हाळ चालू होते. चुलवाण पेटलेले, काहिलीत रस उकळत होता, गुळव्या चिकाचा अंदाज घेत उभा होता. आम्ही म्हणालो, "अण्णा, परवा मी घाईने बोललो. तुम्ही मोटार घ्यावी की न घ्यावी हे मी सांगणार नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत, त्यांची उत्तरे मला देऊ नका, पांडुरंगाला द्या." आणि आम्ही विचारले. पहिली, हे पैसे कोणाचे आहेत? दुसरी, मोटार आल्यावर तुमच्या पायांचे काय होईल? तिसरी, तिच्यात कोण कोण बसू शकेल?

पहिल्या प्रश्नावर अण्णांनी गुळव्याकडे एकदा पाहिले आणि नजर वळविली. मागाहून कळले, की गेल्या हंगामाचा त्याचा आणि आणखी सहा गड्यांचा हिशेब पुरा व्हायचा राहिला होता. रक्कम फार मोठी नव्हती. मोटारीचे चार टायर आले असते तेवढी असेल. मजुरीचे पैसे द्यायचे आहेत हे अण्णा विसरले नव्हते, 'देऊ की, जातात कुठं' असे म्हणत राहिले होते. आपण सगळेच असे म्हणतो. देणे लहान असते, घेणारा गरीब असतो, तो मागावयास लाजतो, आणि त्याच्या लाजेवर आपली पत उभी राहते.

दुसऱ्या प्रश्नाला ते जोरात म्हणाले, "वारी मी पायीच करणार, मोटार असो नसो." यावर आमचा विश्वास आहे. आषाढीला पंढरीस जाणे जमले नाही तर कोल्हापुरातून नंदवाळच्या प्रतिपंढरपूरला पायी दिंडीत जाणारे कितीतरी मोटारवाले आम्ही पाहतो. पण पाय म्हणजे वारीचे अठरा-वीस दिवसच नव्हेत. एरवी गावात चालत जाताना जो ओटा लागतो, जो म्हातारा हाक मारतो, जिच्या घरी दुखणे आहे ती बाई दारात दिसते, ते काचा वर केलेल्या मोटारीतून दिसत नाही. हे भारी मोटारीतच घडते असे नाही, हलक्या मोटारीतही घडते. पण गाडी जितकी निवांत, तितका बाहेरचा आवाज कमी येतो. त्यासाठीच तर ती विकत घ्यायची असते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अण्णांना द्यावे लागले नाही. त्यांच्या मातोश्री जवळच उसाची चिपाडे गोळा करीत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले. त्या म्हणाल्या, "आरं, रानातनं आल्यावर चिखलाच्या पायानं मला बसू देशील न्हवं त्यात? का आदी पाय धुवायला लावशील?" अण्णा हसले, आम्हीही हसलो. पण अण्णांना लगेच 'हो' म्हणता आले नाही, हे म्हातारीने पाहिले आणि आम्हीही पाहिले. ज्या वाहनात आईला चिखलाचे पाय घेऊन बसता येणार नाही, त्या वाहनाचे आपण मालक, की ते आपले मालक?

अण्णांनी मोटार घेतली नाही. पाडवा उलटून गेला होता तरी गड्यांचे हिशेब त्याच पंधरवड्यात मिटविले, आणि पुढे मातोश्रींना दवाखान्यात न्यावयास एक साधी जुनी मोटार घेतली. येथे हा लेख संपविला असता तर वाचकांना बरे वाटले असते. पण पुढची हकीकत सांगणे भाग आहे.

माघ महिन्यात एका सप्ताहात अण्णा भेटले. फडावर बसलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, की "२५ लाखांची गाडी दारात येत होती, मी नाही म्हणून सांगितलं!" एकदा सांगितले, दोनदा सांगितले. तिसऱ्या वेळी आमची नजरानजर झाली आणि ते एकदम थांबले. शहाणा मनुष्य! न घेतलेली मोटारही मिरविता येते, आणि तिला तर पेट्रोलही लागत नाही. आम्ही त्यांना काय बोलणार? खिळखिळ्या जिपेतून जाऊन वैराग्य सांगणारे आम्हीच.

त्याच सप्ताहात आणखी एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे खरोखरीच तशी भारी मोटार आहे, वडिलांच्या धंद्यातून आलेली. तिच्याविषयी ते कधी बोलत नाहीत. त्यांच्या शेजारच्या वस्तीतल्या लोकांनी आम्हांला सांगितले, की रात्री-अपरात्री कोणी अडले की ते स्वतः चालवीत माणसाला सी. पी. आर. रुग्णालयात पोचवितात. एकदा आसनावर रक्त सांडले, ते त्यांनी स्वतः पुसले आणि घरी कोणाला सांगितलेसुद्धा नाही. आता या दोघांत विरक्त कोणाला म्हणावे?

तात्पर्य, मोटार घ्यावी की न घ्यावी याचा एकच निवाडा सर्वांना लावता येत नाही, आणि तसा लावण्याचा अधिकारही आम्हांला नाही. आधी देणी फेडावीत. ओझे पेलण्याइतकेच उचलावे. खोटे बोलून घेऊ नये, खोटे बोलून विकू नये. घेतली तर चिखलाच्या पायांना तिचे दार उघडे ठेवावे. न घेतली तर तिचे नाव पुन्हा काढू नये. एवढे ज्याला साधेल त्याच्या गळ्यातील माळेला मोटारीचे भय नाही. आणि आम्हांला पुढच्या वेळी जे गाव जीप पाठवील, त्या गावी तरी पांडुरंगाने आम्हांला हसतमुखाने न्यावे, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना आहे.

रामकृष्णहरि.